पाठीवरचे पाच कप आणि चुन्याची डबी

पेशंटच्या पाठीवरचा कप उचलला. आतलं रक्त गोठलेलंच नव्हतं.

एरवी पाच-सात मिनिटांत कपात रक्ताची जेली होते. ती पुसायची, ओरखड्यांवर मलम लावून पट्टी करायची, पेशंटला पाणी द्यायचं, की काम संपलं. इथे रक्त पाण्यासारखं पातळ होतं. कपाची कड सुटल्याबरोबर ते ज्ञानोबामामांच्या पाठीवरून ओघळत खालच्या प्लास्टिकवर आलं.

जरा समजावून सांगते. मी अहमदपूरला प्रॅक्टिस करते, बीएएमएस. जुनी माणसं याला तुंबडी लावणं म्हणतात, कुणी हिजामा म्हणतं. माझ्या पाटीवर ‘वेट कपिंग’ लिहिलंय, कारण पाटीवर इंग्रजी असलं की तीच गोष्ट लोकांना नवी वाटते. कप लावून पंपाने हवा ओढायची. कातडी फुगून लाल होते. कप काढायचा, ब्लेडने अगदी वरवर ओरखडे काढायचे आणि परत कप लावायचा. थोडंसं रक्त येतं. ते काळपट दिसलं की पेशंट खूश, ‘बघा, किती घाण निघाली’. घाण वगैरे काही नसते, साधंच रक्त असतं, गोठलं की काळं दिसतं. मी हे रोज सांगते आणि रोज कुणी ऐकत नाही. मान-पाठ काही जणांना थोडे दिवस मोकळी वाटते, गोल चट्टे आठवडाभर राहतात, एखाद्याला चक्कर येते. यापेक्षा मोठे दावे मी करत नाही.

पण हा सगळा कारभार रक्त वेळेवर गोठतं या भरवशावर चालतो.

ज्ञानोबामामा शाळेच्या बसचे ड्रायव्हर. जळकोट रस्त्याच्या वाड्या-तांड्यांवरची पोरं रोज आणायची आणि सोडायची, हे त्यांचं बारा वर्षांचं काम. त्यांना त्यांच्या शाळेचे हेडमास्तर स्वतःच्या स्कूटरवर घेऊन आले होते. सोमवारी शाळा उघडणार होती.

“मॅडम, रिव्हर्स घेताना ह्यांची मान वळत नाही,” सर म्हणाले. “तेवढी मोकळी करा. आणि फिटनेसचं सर्टिफिकेटही लिहून द्या, फाईलला लागतं.”

सर खुर्चीत आणि मामा स्टुलावर. मी नेहमीचे प्रश्न विचारले. बीपी? शुगर? हार्टचं काही? रक्त पातळ करायची गोळी?

मामांनी एकदा सरांकडे बघितलं. “न्हाई मॅडम. समदं लोखंड हाय.”

सर हसले. मीही हसले आणि केसपेपरवर चार वेळा ‘नाही’ लिहिलं. मग सर बाहेर बाकावर जाऊन बसले, मी पडदा ओढला आणि मामांच्या मानेखाली पाच कप लावले.

आता त्या पाचही जागा वाहत होत्या. मी गॉजची जाड घडी करून दाबली. माझी मदतनीस सुनंदाताई पलीकडून दाबत होती. मी दोन मिनिटं दाबायची, उचलून बघायची. वाहतंच आहे. नवा गॉज. परत दाबायचं, परत बघायचं. मला दम निघत नव्हता. बीपी बघितलं, वरचं नव्वदवर आलं होतं. मामांच्या कपाळाला घाम फुटला होता. पायांखाली दोन उशा सरकवल्या.

बाहेरून सरांचा आवाज आला, “झालं का मॅडम?”

“होतंय,” मी म्हणाले. होत काहीच नव्हतं.

मी खाली वाकून मामांच्या कानाशी विचारलं, “मामा, खरं सांगा. कोणती गोळी घेता?”

“सर हायेत का भायेर?”

“आहेत.”

“मंग हळू बोला.” त्यांनी पालथ्या पालथ्याच पँटच्या खिशाकडे हात नेला. “डबी काढा.”

चुन्याची डबी होती. उघडली तर आत चुना नव्हता. दोन रंगांच्या गोळ्या होत्या. नावाची पट्टी नव्हती, पण त्यातली एक मी ओळखली. रक्त पातळ ठेवणारी.

“हार्टात स्प्रिंग टाकलीय,” मामा पुटपुटले. “आठ म्हैने झाले. शाळंत सांगितलं की लेकीच्या बाळंतपणाला गेलतो. कळलं तर ष्टेरिंग जातंय मॅडम. मला दुसरं काय येतंय?”

मला राग आला. आधी त्यांचा आणि लगेच माझा. ज्या माणसापासून हे लपवायचं होतं, त्यालाच शेजारी बसवून मी ते विचारलं होतं. आमच्याकडे पेशंट एकटा येतच नाही, सोबतचा माणूस खुर्चीवर बसतो आणि पेशंटच्या आधी उत्तरंही देतो. त्याला बाहेर जा म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. म्हणून मी वर्षानुवर्षं कुणाला म्हटलं नव्हतं.

माझे दीर लातूरला हार्टचे डॉक्टर आहेत. सुनंदाताईने एका हाताने फोन माझ्या कानाला लावला. स्टेंटची ती स्प्रिंग, गोळी, न थांबणारं रक्त, मी सगळं एका दमात सांगितलं.

“वहिनी, किती वेळ दाबलंय?”

“दहा मिनिटं झाली, भाऊजी.”

“सलग?”

मी गॉजची उचललेली कड परत खाली दाबली.

“मधे मधे उचलून बघत असाल.”

“हो.”

“बघू नका. जमायला लागलेलं रक्त तुम्हीच दर वेळी उखडताय. घड्याळ लावून वीस मिनिटं दाबून धरा. नाही थांबलं तर गाडीत घालून इकडे आणा. आणि घाबरून त्यांची गोळी बंद करू नका, स्प्रिंगमध्ये गुठळी होईल.”

ती वीस मिनिटं मला कुणी परत देऊ केली तर मी घेणार नाही. हात भरून आले. बोटं आपोआप गॉजची कड उचलायला जात होती, मी ती मागे ओढत होते. लहान पोरं भरलेली बस सारखी डोळ्यांपुढे येत होती. मामा डोळे मिटून पडले होते. विसाव्या मिनिटाला गॉज काढला. पाच लाल वर्तुळं, कोरडी. बीपी एकशे दहा. मी भिंतीला टेकले.

घट्ट पट्ट्या बांधल्या, मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि मामांना हळू आवाजात सांगितलं, “मी सरांना काही सांगणार नाही. पण सर्टिफिकेट लिहिणार नाही.”

बाहेर सर शाळेचं लेटरहेड घेऊनच उभे होते.

“सर, आज नाही देता येणार.”

“कशामुळं?”

मागे पडद्याच्या कड्या वाजल्या. मामा शर्टाची बटणं लावत बाहेर आले, एक बटण चुकलं होतं. त्यांनी डबी सरांच्या हातातल्या कागदावर ठेवली.

“सर, ह्यात चुना न्हाई. हार्टाच्या गोळ्या हायेत,” ते म्हणाले.

सरांनी ती उघडून बघितली. मग एवढंच म्हणाले, “ज्ञानोबा, माझी नात तुझ्याच बसमध्ये असते.”

पुढचं थोडक्यात. भाऊजींनी मामांना लातूरला तपासलं आणि पोरांची बस चालवायला नाही म्हणून लिहिलं. सरांनी त्यांना शाळेच्या गेटवर घेतलं. मामा दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. रस्त्यात दिसले की दुसरीकडे बघायचे. मला ते लागायचं.

दिवाळीनंतर आले, मान घेऊन. कपिंग तुम्हाला नाही, व्यायाम दाखवते, म्हटलं. ते खोलीभर बघत होते. पडद्याच्या जागी आता दार आहे आणि पेशंटसाठी एकच खुर्ची. सोबतचा माणूस बाहेर बसतो आणि नाराज होतो.

“हे दार तवा असतं तर?” मामांनी विचारलं.

“तर तुम्ही खरं सांगितलं असतं?”

“हाव.”

“मग मी सर्टिफिकेट दिलं नसतं. बस तरीही गेलीच असती.”

मामांनी मानेखालून हात फिरवला. “गेली असती. पर पाठ तरी वाचली असती.”

उठले आणि जाताना दार त्यांनीच ओढून घेतलं.