गर्टीने मागे ठेवलेला पाव

सोमवार, ११ मार्च २०२४. रात्रभर वारा. मागच्या अंगणातली कुंडी पडली, फुटली नाही. चर्चमध्ये दहाच्या मिस्सेला अकरा जण; फादरांचा घसा अजून बसलेलाच. दुपारी गर्टी दोन पिशव्या घेऊन आली. शुक्रवारी नवी खोली मिळेपर्यंत दर्शनी खोलीतल्या कोचावर झोपणार आहे. चार वाजता तिच्या फोनवर जुन्या खोलीच्या एजंटचं पत्र आलं. तिने चहा घेतला नाही.

गर्टी स्वारब्रिकने चहा नको म्हणावं, हे ही वही लिहिणाऱ्या हिल्डा थ्रेलफॉलने आजवर पाहिलं नव्हतं. गर्टीची आई गेली त्या दिवशीसुद्धा ती दोन कप प्यायली होती. म्हणून हिल्डाने किटली खाली ठेवली, चष्मा लावला आणि म्हणाली, "आण इकडे. काय लिहिलंय त्या मेल्यानं?"

गर्टी त्रेसष्टची, हिल्डापेक्षा वीसेक वर्षांनी धाकटी. उत्तर इंग्लंडात, प्रेस्टनमधल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढण्यात तिचं आयुष्य गेलं. कोणत्या पोराला वाटाणे चालत नाहीत आणि कोण घरून उपाशी येतं, हे तिला मास्तरणींच्या आधी कळे. लग्न केलं नाही. आई होती तोवर नगरपालिकेच्या घरात राहिली. घर आईच्या नावावर होतं. आई गेली तसं तेही गेलं. मग एजंटमार्फत पाच बिऱ्हाडांच्या एका घरात तिने एक खोली घेतली आणि सहा वर्षं काढली. यंदा भाडं एवढं वाढलं की तिने नाइलाजाने दुसरी खोली पाहिली.

सोडताना तिने ती खोली दोन दिवस घासली. खिडकीच्या चौकटी, दाराची वरची कड, पलंगाचे पाय, गालिचासुद्धा. आणि शेवटी तिची आई दरवेळी करायची तेच केलं. बंद केलेल्या शेकोटीसमोर गालिच्यावर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर पांढरी बशी ठेवली, बशीत छोटा पाव, वाटीभर मीठ आणि चांदीच्या कागदात गुंडाळलेला कोळशाचा एक खडा. नव्या घरात जाताना हे नेणारे त्या भागात पुष्कळ. गर्टीची आई मात्र निघतानाही ठेवून यायची. मागून येणाऱ्याला अन्न, चव आणि ऊब कमी पडू नये. कोळसा आजकाल मिळतो कुठे! तो हिल्डाच्याच मागच्या खोपटातला होता.

एजंटच्या पत्रात लिहिलं होतं: भाडेकरूने टाकलेला कचरा उचलणे, पंच्याऐंशी पौंड. कोळशामुळे गालिच्याची धुलाई, दीडशे. भिंतीत खिळ्याचं भोक, त्यासाठी भिंतीला रंग, पंच्याहत्तर. डिपॉझिट चारशे पंच्याहत्तर. त्यातले तीनशे दहा कापले.

"कचरा," गर्टी म्हणाली. एवढंच.

नव्या खोलीचं डिपॉझिट साडेचारशे, आणि ते शुक्रवारी भरायचं होतं. नाहीतर खोली दुसऱ्याला.

बुधवारी दोघी एजंटच्या कचेरीत गेल्या. काचेमागे कार्ल नावाचा तिशीचा तरुण बसला होता. त्याने उठून खुर्च्या ओढल्या.

"बस ना, गर्ट्रूड. चहा?"

"मिस स्वारब्रिक," गर्टी म्हणाली. "चहा नको. हा कचरा म्हणजे काय ते सांग."

कार्लने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. "पाव, मीठ, आणि हे... कोळसा ना? भाडेकरू जे मागे टाकतो ते—"

"टाकलं नाही. ठेवलं."

"अहो, मला कळतंय. माझी आजी नवीन वर्षाला शुभ म्हणून दारातून कोळसा आणायला लावायची. पण आमच्या सिस्टिममध्ये दोनच रकाने आहेत. एक सामान, एक कचरा."

"मग सामान लिहायचं."

"सामान लिहिलं तर ते जपून ठेवायला लागतं."

"मग जपून ठेवायचं! तो पाव ताजा होता रे. कुठे गेला?"

कार्लने कपाळ खाजवलं. "कचऱ्याच्या डब्यात."

"माझ्या आईनं हे ऐकलं असतं ना, तर तुला तिनं त्याच कोळशानं हाणलं असतं."

हिल्डाला हसू आलं; तिने ते रुमालात घातलं. कार्लही जरा हसला. मग पुढे झुकून त्याने आवाज खाली केला. "हे बघा मिस स्वारब्रिक, आपण मध्यावर येऊ. एकशे पंचावन्न आत्ता सोडतो, उरलेल्या एकशे पासष्टबरोबर. दोन दिवसांत खात्यात. फक्त इथे सही करा, की बाकीची कपात मान्य."

हिल्डाने मनात बेरीज केली. तेवढे मिळाले, आणि गर्टीने बाजूला ठेवलेले थोडे त्यात घातले, की शुक्रवारची खोली पक्की. तिने टेबलाखालून गर्टीच्या पायाला पाय लावला. गर्टीने आपला पाय मागे घेतला.

"भिंतीतला खिळा माझा," गर्टी म्हणाली. "येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर होती. भोक बुजवायचं राहिलं, त्याचे पंधरा पौंड काप. भिंतीला मात्र मी यायच्या आधीपासूनच रंग हवा होता, ती माझ्या पैशानं रंगवायची नाही. बाकीचं मी मान्य करणार नाही. तुझा सहीचा कागद तुझ्याकडे ठेव."

रस्त्यावर आल्यावर हिल्डाचा धीर सुटला. "डोकं फिरलंय का तुझं? अर्धे देत होता पोरगा!"

"अर्धे घ्यायचे म्हणजे खोली अर्धी घाण होती म्हणायचं."

"कोण वाचतंय तो कागद!"

"पुढचा मालक वाचतो. मागच्या एजंटला विचारल्याशिवाय खोली देतं का कोणी? आणि कोणी नाही वाचला तरी मी सही केलेली असेल ना." गर्टी बसच्या थांब्यावर टेकली. "हिल्डा, माझ्याकडे घर नाही. नवरा नाही, पोरं नाहीत. जिथे राहिले तिथून स्वच्छ निघाले, एवढं एक आहे. ते दीडशे पौंडांना देऊ?"

हिल्डा म्हणाली, "मी देते तुला पैसे."

"ते तुझ्या मयताचे पैसे आहेत."

"मी मेले नाही अजून."

"म्हणूनच राहू देत."

शुक्रवार आला. ईस्टरआधीच्या उपवासकाळातला शुक्रवार, मांस वर्ज्य, म्हणून हिल्डाने बटाटा-कांद्याची, भरपूर लोणी घातलेली खारी पेस्ट्री केली होती. जेवायला बसण्याआधी गर्टीने स्वतः नव्या घरमालकाला फोन लावला. "माझे पैसे अडकलेत, आज होणार नाही. माझ्यासाठी थांबू नका, दुसऱ्या कोणाला गरज असेल." फोन ठेवला, हात धुतले आणि दोन तुकडे खाल्ले. हिल्डाने आपला तुकडा तसाच झाकून ठेवला.

इंग्लंडात भाडेकरूचं डिपॉझिट एजंटच्या खिशात राहत नाही. ते राखणारी संस्था वेगळी असते, आणि भांडण झालं तर ती पैसे न घेता निवाडा करते. घाण झाली हे सिद्ध करायचं एजंटने. निर्विवाद रक्कम तेवढी गर्टीला लगेच मिळाली. बाकीच्यासाठी तिला आपली बाजू लिहायची होती, आणि हे काम हिल्डाने अंगावर घेतलं. नन्सच्या हाताखाली शिकलेली ती. तिने दीड पान लिहून काढलं. सुरुवात होती: 'आदरपूर्वक आणि जड अंतःकरणाने निवेदन करण्यात येते की...'

गर्टीने ते पूर्ण वाचलं. "सुंदर आहे गं. पण हे वाचून वाटतं, मीच मेले."

"मग तू लिही!"

गर्टीने लिहिलं. खोली दोन दिवस घासली. खिळ्याचं भोक माझं, त्याचे पंधरा पौंड कापा. बशीत ठेवलेलं पुढच्या माणसासाठी होतं. आमच्याकडे तशी रीत आहे. कोळसा चांदीच्या कागदात होता. त्याखाली नाव.

"एवढंच?" हिल्डा म्हणाली. "त्या कार्लबद्दल एक शब्द नाही?"

"त्यानं मला काही वाईट केलं नाही. त्याला रकाना मिळाला नाही."

एप्रिलमध्ये एजंटचे पुरावे आले. ते भाडेकरूलाही बघायला मिळतात. हिल्डाने गर्टीचा फोन नाकाशी धरला. गर्टी सहा वर्षांपूर्वी आली तेव्हाच्या गालिच्याचा फोटो नव्हता, भिंतीचाही नव्हता. होता तो 'कचऱ्याचा' एकच फोटो, कार्लने वरून काढलेला, चांगल्या उजेडात. मध्यभागी वर्तमानपत्र, बशी, पाव, मीठ, चकचकीत चांदीचा गोळा. आणि भोवती सगळीकडे गालिचा. त्यावर झाडणीच्या रेघा एकाच दिशेने गेलेल्या, नांगरलेल्या शेतासारख्या. एक डाग नाही, कोळशाचा एक कण नाही.

"अगं," हिल्डा म्हणाली, "यानंच तुझी साक्ष दिली की!"

गर्टीने फोन घेतला, फोटो मोठा करून निरखला. "पाव छान फुगला होता," ती म्हणाली.

निकाल गुरुवारी, पंचवीस एप्रिलला आला. गालिच्याचं काही नाही. एजंटच्याच फोटोत तो स्वच्छ दिसतो. कचऱ्याचं काही नाही. एक बशी उचलायला पंच्याऐंशी पौंड लागत नाहीत. रंगाचं काही नाही. खिळ्याचे पंधरा कापावेत, कारण भाडेकरूने ते स्वतः मान्य केलं आहे.

हिल्डा चिडली. "बघ! गप्प बसली असतीस तर तेही मिळाले असते."

"भोक होतं ना पण," गर्टी म्हणाली, आणि किटली चढवायला उठली.

आठवड्याभरात तिला खोली मिळाली, इस्पितळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, न्हाव्याच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर. पहिल्यासारखी नाही, खिडकी लहान, जिना उभा. घरमालकिणीने मागच्या एजंटला फोन केला होता. "तो म्हणाला, अशी भाडेकरू परत मिळायची नाही," तिने गर्टीला सांगितलं. गर्टीने हे हिल्डाला तीनदा ऐकवलं, दरवेळी काहीतरी दुसरं सांगता सांगता.

शनिवारी, चार मे रोजी, ती दोन्ही पिशव्या घेऊन गेली. जाण्याआधी तिने दर्शनी खोलीतला कोच ओढून त्याच्या मागची भिंत पुसली. हिल्डा दारातून ओरडली, "अगं, हे माझं घर आहे, मी काही कापणार नाही!" गर्टी म्हणाली, "माहीत आहे," आणि कोपराही पुसला.

बस वळेपर्यंत हिल्डा फाटकाशी उभी होती. संध्याकाळी तिने वही उघडली, तारीख घातली, हवा लिहिली, गर्टी दहा वाजता गेली असं लिहिलं. आणि खाली: दूधवाल्यासाठी चिठ्ठी ठेवली. सोमवारपासून एकच बाटली.