अप्पांचा राहिलेला दुखवटा

काय सांगावं तुम्हाला, माणसानं दुसऱ्याची अक्कल काढायच्या आधी आपली एकदा चाचपून बघावी. मी बघितली नाही, त्याचीच ही गोष्ट. चहा घ्या, गार होतोय.

लॉकडाऊन उठून वर्ष उलटलं होतं, तरी नांदेडात आमच्या टपरीवर एकच विषय होता, समाज नॉर्मलला यायला तयार आहे का? मी रिटायर झालेला मराठीचा मास्तर. माझा निकाल तयार होता. अजिबात नाही. अहो, कालपर्यंत मेथीची जुडी सोड्याच्या पाण्यात बुडवणारे लोक हे! शेजाऱ्याला ठसका लागला तर खिडकी लावून घ्यायचे. तेच आता दोन-दोन हजारांच्या लग्नात फेटे बांधून एकमेकांच्या ताटातली जिलेबी उचलत होते. मास्क कुठं, तर हनुवटीला. आणि घराघरातून माणसं गेली, तिथं कुणी पाऊल टाकलं नव्हतं, त्याची आठवण कुणाला?

"आधी राहिलेले दुखवटे उरका," मी टपरीवर ठणकावलं, "मग पंगती झोडा."

माझ्याच शाळेत शिपाई असलेले इंगोले शांतपणे बशीत चहा ओतत म्हणाले, "सर, तुमचा बी एक राहिलाय की. मुदखेडचे अप्पा."

मी अर्धा चहा तसाच टाकून घरी आलो.

मन्मथअप्पांचं मोंढ्यात, आमच्या धान्यबाजारात, डाळीचं दुकान होतं. रोज रेल्वेनं मुदखेडहून यायचे. वीस वर्षं चार वाजताचा चहा आम्ही बरोबर घेतला. दुसऱ्या लाटेत ते दवाखान्यात भरती झाले आणि तिसऱ्या दिवशी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकलं, 'अप्पा गेले.' मग काय, हात जोडायची रांगच लागली. मी मराठीचा मास्तर, नुसते हात जोडून कसं चालेल? मी सगळ्यात लांब श्रद्धांजली लिहिली. दिलदार, दानशूर, त्यांच्या पश्चात पत्नी व दोन मुलगे, सगळं रीतसर. दुसऱ्या दिवशी अप्पांचा नंबर ग्रुपमधून बाहेर पडला. मला वाटलं, पोरगा शहाणा दिसतो, वडिलांचं आवरायला लागला. पुढं दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं विकणारा बसला. आता आणखी काय पुरावा पाहिजे?

तेव्हा गेलो नाही, कारण घाबरलो होतो. नंतर गेलो नाही, कारण लाज वाटत होती. वहिनींना काय तोंड दाखवायचं? असं करता करता दीड वर्ष गेलं.

पण इंगोल्यांचं बोलणं लागलं. रविवारी दुखवट्याला मुलाला द्यायची टॉवेल-टोपी घेतली, एकावर एक दोन मास्क चढवले आणि मुदखेडची गाडी पकडली. फोन का नाही केला म्हणता? दुखवट्याला कुणी फोन करून जातं का? आपल्याकडं नुसतं जायचं, मुकाट बसायचं, चहापाणी घ्यायचं नाही आणि 'येतो' न म्हणता उठायचं.

दार वहिनींनी उघडलं. हातभर हिरव्या बांगड्या, कपाळाला ठसठशीत कुंकू. मी क्षणभर थबकलो आणि मग माझं मन आदरानं भरून आलं. या विषयावर मी शाळेत भाषणं दिलेली, पण करून दाखवणारं माणूस आज पहिल्यांदा बघत होतो.

"वहिनी," मी म्हणालो, "तुम्ही कुंकू ठेवलंत. समाज अजून तयार नाही, पण तुम्ही मागं हटला नाहीत."

वहिनींचा हात कपाळाकडं गेला. "म्हंजे? पुसू का काय?"

"अजिबात पुसू नका."

"कोन म्हनायचं तुमी? त्वांडावरचं काढा जरा."

मी मास्क काढला. खाली दुसरा होता. तोही काढला.

"सर व्हय? बसा की. चहा टाकते."

"नको वहिनी. अशा घरी चहा घेत नसतात."

त्यांचा चेहरा एकदम कडक झाला. "अशा घरी म्हंजे? काय झालंय आमच्या घराला?"

दुःखाचा परिणाम, मी मनात म्हटलं. बाईनं अजून पचवलेलं नाही. मी आवाज खाली आणला. "वहिनी, मन घट्ट करा. अप्पा आता परत येणार नाहीत."

"येतेत की. आंघोळ करून राहिले."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. टॉवेल-टोपी त्यांच्यापुढं ठेवून मी म्हणालो, "हे थोरल्याला द्या."

तेवढ्यात आतून आवाज आला, "कोन आलंय गं?"

वीस वर्षं ऐकलेला आवाज.  लुंगी नेसलेले, कपाळाला ओली विभूती लावलेले अप्पा बाहेर आले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, टॉवेल-टोपीकडं बघितलं. व्यापारी माणूस, मामला लगेच ओळखला. टॉवेल उचलून डोकं पुसलं, टोपी चढवली आणि समोर बसले.

"माप बरोबर हाय," म्हणाले.

"अप्पा, अहो, कळवायचं तरी आम्हाला."

"काय कळवू? मी जित्ता हाव म्हनून? दवाखान्यात खाटंवर पडून वाचून राहिलो होतो तुमच्या समद्यांच्या श्रद्धांजल्या. तुमची दोनदा वाचली."

"मग तो ग्रुप..."

"म्याच सोडला. मेल्याल्या मानसानं थितं बसून काय करावं? दुकान बी दवाखान्याच्या बिलात गेलं." त्यांनी वहिनींकडं बोट दाखवलं. "सर, हिच्याकडं एक फोन न्हाई आला. म्हटलं बघू, मातीला न्हाई तर न्हाई, दुखवट्याला तरी कोन येतंय. लई वाट बघितली. दीड साल झालं. तुमी पयले."

आता माझा नीचपणा ऐका. 'पहिले' म्हटल्यावर मला क्षणभर बरं वाटलं. मग मान वर होईना. वहिनींनी न विचारता चहा आणून ठेवला आणि मी मुकाट्यानं प्यायलो.

अप्पांनी चष्मा लावला, मोबाइल काढला. "तुमच्या लिव्हन्यात एक गलती झाली सर. दोन मुलगे लिवलंत. मला मुलगा एकच, पोरी दोन. वीस साल संगं चहा पिलो आपन."

मी रिकामा कप बशीत ठेवला.

"म्या नीट करून ठिवलंय. पाठवून राहिलो बघा." माझ्या खिशातला मोबाइल वाजला. अप्पांनी डोक्यावरची टोपी जरा सारखी केली. "फुडच्या बारीला हेच टाका. पन टाकायच्या आधी घरी एक फोन करा."