जर्मन तिकिटातला तांबडा दोरा

ती घटना आजही आठवते, असं म्हणायची निवृत्त पोलिसांना सवय असते. माझं उलटं आहे. मी ती विसरायला बघतो, पण कुठं कालव्याचं पाणी दिसलं की ती समोर येऊन उभी राहते. नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले, जमावाचे दगड खाल्ले. पण खरा भ्यालो तो नखाएवढ्या कागदाच्या तुकड्यांपायी.

मी तेव्हा बारामतीत पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी घेऊन ठाणे अंमलदाराची डायरी बघत होतो, तेवढ्यात एक व्यापारी लेखी तक्रार घेऊन आला. मोठ्या शहरातला माणूस, जुन्या टपाल तिकिटांचा धंदा करणारा. इंदापुरातल्या एका बुकबाइंडरनं दुर्मिळ जर्मन तिकिटं म्हणून बारामतीच्या लॉजवर आपल्याला नकली तिकिटं दिली आणि इसार घेतला, अशी तक्रार होती. प्लॅस्टिकच्या कप्प्यांत ठेवलेली तिकिटं त्यानं माझ्या टेबलावर मांडली. माणूस शांत, कपड्यांना कडक इस्त्री, बोलण्यात एक शब्द इकडचा तिकडं नाही. मी त्याच्यासाठी चहा मागवला. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण त्याच खुर्चीवर दुसऱ्या दिवशी जो बसला, त्याला मी पाणीसुद्धा उशिरा विचारलं.

नोटीस मिळाल्यावर तो बुकबाइंडर मुलीला घेऊन हजर झाला. साठीला टेकलेला, पांढरी दाढी, बोटांच्या पेरांत खळ वाळलेली. इंदापुरात सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही तसंच म्हणतो. शाळा, सोसायट्या, ग्रामपंचायती यांची दप्तरं बांधून देणं हा त्यांचा वडिलांपासूनचा धंदा. फार पूर्वी साखर कारखान्याची यंत्रं बसवायला एक जर्मन साहेब या भागात आला होता. त्याचे नकाशे चाचांच्या वडिलांनी बांधून दिले. साहेब मायदेशी परतताना खूश होऊन आपल्या आजोबांची तिकिटांची वही त्यांना देऊन गेला. ती वही या घराची ठेव. मुलीनं त्यातल्या काही तिकिटांचे फोटो मोबाईलवरून टाकले आणि त्या फोटोंच्या मागावर हा व्यापारी आला.

चाचांचं म्हणणं होतं की व्यापाऱ्यानं वही दोन दिवस तपासायला म्हणून नेली आणि आता भलतीच तिकिटं पुढं केली आहेत. व्यापारी म्हणत होता, वही नव्हतीच, जे मिळालं ते प्लॅस्टिकच्या पानांतच मिळालं. मुलीच्या फोटोंत तिकिटांचे नुसते चेहरे होते, पान दिसतच नव्हतं. म्हणजे एकाचा शब्द दुसऱ्याच्या शब्दाविरुद्ध.

तिकिटांतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून बारामतीतल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांना बोलावलं. जन्मभर टपालावर शिक्के मारले आणि उरलेल्या वेळात तिकिटं जमवली, असा हा माणूस. त्यांनी आधी मला शाळा शिकवली. जर्मनी एक देश होण्यापूर्वी तिथं आपल्याकडच्यासारखीच लहानमोठी राज्यं होती, प्रत्येकाचं तिकीट वेगळं. ही तिकिटं बव्हेरिया नावाच्या राज्याची. नक्कल होऊ नये म्हणून तिथल्या सरकारनं तिकिटाच्या कागदातच तांबडा रेशमी दोरा घातला होता. उजेडापुढं धरलं की तो कागदाच्या पोटात दिसतो.

मग त्यांनी भिंग लावलं. टेबलावरच्या तिकिटांतही तांबडी रेघ होती, पण ती मागच्या बाजूनं शाईनं ओढलेली. बँकेतून नोटा तपासायचा निळा दिवा आणला, तर कागद पांढराशुभ्र चकाकला. जुना कागद असा चकाकत नाही, म्हणाले. शेवटी त्यांनी तीन तिकिटं शेजारी ठेवली आणि हसले. तिन्हींवर टपालाचा शिक्का तंतोतंत एकाच जागी, सारख्याच दाबाचा. "साहेब, मी चाळीस वर्षं शिक्का मारला. एकासारखा दुसरा एकदाही पडला नाही."

तिकिटं नकली होती, यात आता वाद उरला नाही. वाद एवढाच की नकली कुणाची. निघताना पोस्टमास्तर सहज बोलून गेले की खरी तिकिटं जवळ असलेला माणूस त्यांना फुलासारखा जपतो, खऱ्या तिकिटाला गोंद-खळ लावणारा अजून जन्माला यायचाय. ते ऐकताना चाचांचा चेहरा उतरला. मी तो उतरताना पाहिला आणि मनातल्या मनात गुन्हा शाबीत करून मोकळा झालो.

मग चौकशी सुरू केली. चाचांना विचारलं, तिकिटं वहीत कशी लावली होती? म्हणाले, आठवत नाही. जन्मभर चिकटवण्याचा धंदा करणाऱ्याला हे आठवत नाही? पुन्हा विचारलं, तर म्हणाले, साहेबानं दिली तशीच होती. तिसऱ्यांदा विचारलं तर बोटांवरची वाळलेली खळ खरवडू लागले. हात असे थरथरत होते की जबाबावर सही करताना पेन दोनदा खाली पडलं. चोराच्या मनात चांदणं, असं मी हवालदाराला म्हटलंसुद्धा, तेही चाचांना ऐकू जाईल अशा बेतानं.

वरून फोन येत होते, तक्रारदार ओळखी असलेला होता. पण त्याचं पांघरूण मी घेणार नाही. पुढचं वाक्य माझं मीच बोललो. चाचांना घरी सोडताना सांगितलं, "उद्या सकाळी येताना दोन कपडे घेऊन या."

नोटिशीवर आलेल्या माणसाला कपडे आणायला सांगायचं काही कारण नसतं. कपडे आणा म्हणजे कोठडीची तयारी ठेवा, ही आमची जुनी युक्ती. माणूस रात्रभर तळमळतो आणि सकाळी खरं बोलतो. निदान आम्ही तसं समजत होतो.

सकाळी अकरा वाजले तरी चाचा आले नाहीत. आली ती मुलगी, एकटी. दारातूनच तिनं वडिलांना शोधलं आणि ते दिसेनात तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. ती म्हणाली, "अब्बा सातच्या गाडीनं निघाल्यात साहेब. फोन घरीच ठिवलाय. हृदयाच्या गोळ्याबी तितंच हायत, फडताळात."

पोलीस अधिकाऱ्याला गुंडाची भीती वाटत नाही. त्याला भीती वाटते ती चौकशीला बोलावलेल्या माणसाच्या जिवाची. चिठ्ठी सापडेल, चिठ्ठीत आपलं नाव असेल, पोरंबाळं ठाण्यासमोर बसतील, हे सगळं मला एका क्षणात दिसलं. पण खरं सांगतो, नोकरीचा विचार दुसरा आला. पहिला विचार त्या खाली पडलेल्या पेनाचा होता.

डेपोला फोन केला. सातच्या गाडीचा कंडक्टर सापडला. पांढऱ्या दाढीचे, हातात कापडी पिशवी असलेले एक गृहस्थ बारामतीचं तिकीट काढूनही मध्येच अंथुर्ण्याला उतरले, असं तो म्हणाला. गावात नेमके कुठं, विचारलं. तर म्हणाला, कालव्याच्या पुलाजवळ.

जीपमध्ये मी, हवालदार आणि ती मुलगी. तिला घ्यायला नको होतं, पण ती उतरायला तयार नव्हती. कालव्याला शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुटलेलं होतं, पाणी काठोकाठ. भर दुपारचं लख्ख ऊन, दोन्ही बाजूंना ऊस, रस्त्याला वर्दळ, भिण्यासारखं काहीही नाही. आणि मी घामानं भिजलो होतो. काठाकाठानं चालताना चपलांचा जोड दिसेल म्हणून नजर खाली होती आणि दिसू नये म्हणून मनात जप चालला होता.

पुढं झुडपाला काहीतरी पांढरं अडकलेलं दिसलं. पाण्यावर हलत होतं. मुलीनं माझी बाही धरली. हवालदार काठी घेऊन उतरला. तेवढं अंतर उतरायला त्याला किती वेळ लागला असेल? मिनिटभर. मी त्या मिनिटात म्हातारा झालो. त्यानं काठीनं ओढलं आणि वर बघून म्हणाला, "खताचं पोतं हाय साहेब."

मी खाली बसलो. वर्दीत, मातीत, त्या मुलीच्या समोर.

पुलाजवळच्या चहावाल्याला विचारलं, तर तो म्हणाला की तसले एक बाबा सकाळीच शाळेची वाट विचारत होते. आम्ही शाळेत गेलो. आणि व्हरांड्यात, मुख्याध्यापकांच्या बंद दाराशी, चाचा भिंतीला टेकून बसलेले दिसले. मुलगी धावली. चाचांनी मात्र तिच्याकडं बघितलंच नाही. ते माझ्याकडं बघून धडपडत उठले आणि हातातली पिशवी पुढं धरली.

"कपडे आणल्यात साहेब. पळून न्हवतो चाललो. तेवढं हितलं रजिस्टर बघा, मग न्या मला."

मुख्याध्यापक नवीन होते. पत्राशिवाय दप्तर दाखवणार नाही, असं त्यांनी सांगितल्यामुळं चाचा तसेच बसून राहिले होते. फोन मुद्दाम घरी ठेवला, कारण ठाण्यातून फोन आला तर काय उत्तर द्यायचं ते त्यांना कळत नव्हतं. मी त्यांना पाणी दिलं, मुलीनं गावातल्या दवाखान्यातून गोळी आणली, मग ते हळूहळू बोलले.

साहेबाच्या जुन्या वहीची पानं कसरीनं खाल्ली होती. म्हणून काही वर्षांपूर्वी चाचांनी स्वतः नवी वही बांधली, जुन्या पानांवरून तिकिटं सोडवली आणि नव्या पानांवर खळीनं चिकटवली. बाइंडरची खळ, मैद्याची, कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेली. त्यांच्या लेखी यापेक्षा चांगली निगा दुसरी नव्हती.

"मग हे मला काल का सांगितलं नाही, चाचा?"

"पोस्टमास्तर म्हनले, खऱ्या तिकिटाला कोन खळ लावत न्हाय. मला वाटलं, सरकारी तिकीट नासवलं, हाबी गुन्हाच हाय. एक गुन्हा न्हाय तर दुसरा तरी लावतील. लई भ्यालो, साहेब."

ज्या गोष्टीनं ते सुटले असते, तीच ते गुन्हा समजून लपवत होते. आणि तो लपवण्याचा चेहरा बघून मी त्यांना चोर ठरवलं होतं.

बाइंडर कागद वाया घालवत नाही. जुन्या वहीची पानं चाचांनी ठेवून दिली होती आणि त्याच सुमाराला अंथुर्ण्याच्या शाळेचं जनरल रजिस्टर बांधायला आलं, तेव्हा पुठ्ठ्याच्या आत अस्तर म्हणून लावून टाकली. ते त्यांना त्या दिवशी पहाटे आठवलं होतं. पंच बोलावले, पंचनामा सुरू केला. चाचांनी ओल्या फडक्यानं अस्तर सोडवलं. तेव्हा त्यांचे हात अजिबात थरथरत नव्हते.

आतल्या पिवळ्या पानावर तिकिटांच्या चौकोनी खुणा होत्या. सोडवताना एका तिकिटाच्या मागचा कागदाचा पापुद्रा तिथंच राहिला होता. त्या पापुद्र्यात, मुंगीएवढा लांब, तांबडा रेशमी दोरा. शाईची रेघ नव्हे. सुईच्या टोकानं उचलला तर तो उचलला गेला.

पुठ्ठा ताब्यात घ्यायचा, तर रजिस्टर उघडं पडणार. चाचा म्हणाले, पोरांच्या जन्मतारखा आहेत यात, असं टाकून येणार नाही. आरोपी म्हणून बोलावलेल्या माणसानं शाळेतलाच पुठ्ठा मागून रजिस्टर पुन्हा बांधून दिलं आणि आम्ही तोवर थांबलो.

पुढचं काम सरळ होतं. न्यायालयाचं वॉरंट घेऊन व्यापाऱ्याच्या दुकानाची झडती घेतली. वही सापडली नाही, पण तिकिटं सापडली. मागं मोरचुदाची फिकट हिरवट झाक होती. एका तिकिटाची पाठ सोललेली आणि त्यातला तांबडा दोरा मध्येच तुटलेला. पापुद्रा त्याला लावला तर जागेवर बसला. प्रयोगशाळेनंही पुढं तेच लिहून दिलं. व्यापाऱ्यानं नकली तिकिटं आधीच जवळ ठेवली होती, वही हाती येताच अदलाबदल केली, आणि चाचा बोंब मारण्याआधी स्वतःच तक्रार देऊन मोकळा झाला. चोराच्या उलट्या बोंबा. कबुली देतानाही त्याचा हात कापला नाही. त्यानं चहा मागितला. मी नाही दिला, तेवढाच माझा सूड.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? नकली तिकीट ओळखायला भिंग आहे, निळा दिवा आहे, जाणता पोस्टमास्तर आहे. भ्यालेला माणूस आणि गुन्हेगार यांत फरक करणारं भिंग कुठल्याच ठाण्यात नसतं. दोघांचेही हात कापतात, दोघंही अडखळतात. आणि सराईत माणूस तर दोन्ही करत नाही. पुढच्या सगळ्या नोकरीत मी कुणाच्या थरथरत्या हातावरून निष्कर्ष काढला नाही आणि कपडे आणायला तर कुणालाही सांगितलं नाही. हे सांगताना मला अभिमान वाटत नाही. उशिरा आलेली अक्कल आहे ती.

निवृत्त झाल्यावर एकदा इंदापूरला गेलो, तेव्हा मुद्दाम चाचांच्या दुकानात डोकावलो. अंगावर साधा सदरा, पायात चप्पल. माफी मागायची मनात होती, वाक्यंही जुळवून ठेवली होती. चाचा खळ ढवळत बसले होते. मला बघताच ओळखलं आणि ताडकन उठून उभे राहिले. बसा म्हटलं, तर बसेनात. मी निवृत्त झालो आहे, सहज आलो आहे, असं दोनदा सांगितलं. त्यांनी दोन्ही वेळा मान डोलावली, पण डोळे माझ्यावरून हटले नाहीत. आणि हात मागं, न बघता, दाराआडच्या खिळ्याकडं गेला.

खिळ्याला ती कापडी पिशवी होती. आत घडी घातलेले दोन कपडे.