फ्रीजमध्ये माणसं ठेवणाऱ्या बाई

माणसं वर्गणी मागतात, वाटीभर साखर मागतात, मुलाच्या नोकरीसाठी ओळख मागतात. पण हात जोडून थुंकी मागणारी बाई माझ्या उभ्या आयुष्यात एकच आली, आणि ती नेमकी आमच्याच डोक्यावर राहायला. गारखेड्यातल्या आमच्या इमारतीत वरचा फ्लॅट बरेच दिवस रिकामा होता. एका सकाळी तिथं बाई आल्या. एकट्या. सामानात एक पलंग, पुस्तकांची खोकी आणि दोन फ्रीज. एकट्या बाईला दोन फ्रीज कशाला, या प्रश्नानं माझी झोप उडाली. मी चितेगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. माझ्या सहीशिवाय तिथून नट बाहेर जात नाही, आणि नट मागायला आलेल्या माणसाकडं मी त्यानं बोल्ट आधीच खिशात घातल्यासारखं बघतो. हा स्वभाव रविवारीसुद्धा कामावर असतो.

दुसऱ्याच दिवशी बाई दुधाची पिशवी घेऊन दारात उभ्या. "काका, हे तुमच्या फ्रीजमध्ये ठेवू का? माझ्या फ्रीजमध्ये माणसं आहेत." मी दाराला धरून उभा राहिलो. बायकोनं शांतपणे पिशवी घेतली, आत ठेवली आणि मला म्हणाली, "असतील. तुम्हाला काय करायचंय?" मला पुष्कळ करायचं होतं. मी जिन्यात पाळत ठेवली, कचऱ्याच्या गाडीवाल्याला विचारलं, एकदा तर पाण्याच्या टाकीचं निमित्त करून त्यांच्या खिडकीत डोकावलो आणि डोकावताना त्यांनीच मला खुर्ची आणून दिली. "नीट दिसेल," म्हणाल्या. मग कळलं ते असं: फ्रीजमध्ये काचेच्या बारीक नळ्या होत्या आणि नळ्यांत लोकांची लाळ. बाई आनुवंशिकतेच्या अभ्यासक. युद्धात, दंगलीत घरदार गेलेल्या निर्वासितांच्या छावण्या त्यांनी देशोदेशी पालथ्या घातलेल्या. आजीला बसलेला हादरा नातीच्या पेशींत काही खूण ठेवून जातो का, आणि तेवढाच हादरा खाऊन काही माणसं पुन्हा ताठ उभी कशी राहतात, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी एका घरातल्या तीन पिढ्या लागत. आता त्यांचा मोर्चा आमच्याकडं वळला होता, कारण पैठणच्या धरणात ज्यांची गावं बुडाली तेही त्यांच्या हिशेबी निर्वासितच. मला तो शब्द आवडला नाही. आम्ही धरणग्रस्त. शब्दाला काही इज्जत असते.

बाईंच्या तोंडून 'हो' किंवा 'नाही' निघालेलं मी ऐकलं नव्हतं. ढग भरून आले, वीज कडाडली, बायकोनं विचारलं, "येईल का हो पाऊस?" तर बाई म्हणाल्या, "अजून सांगता येत नाही." भाजीवाल्यानं एक भेंडी मोडून दाखवली आणि कोवळी आहे ना म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "एकाच भेंडीवरून कसं सांगू?" त्यानं पुढं आमच्या गल्लीत आरोळी द्यायची बंद केली. त्यांचा आणखी एक नियम होता: लाळ देण्याआधी अर्धा तास चहा नाही, पाणी नाही, तंबाखू नाही. आता मराठवाड्यात पाहुणा उंबऱ्याच्या आत आला की चहाचं आधण आपोआप चढतं. पुनर्वसनाच्या एका गावात मी त्यांना रस्ता दाखवायला गेलो होतो. खरं सांगायचं तर लक्ष ठेवायला गेलो होतो. तिथं बाईंनी घरमालकाला चहा घेऊ दिला नाही म्हणून सगळी आळी रुसली, आणि एक म्हातारबाबा चंची मिटत म्हणाले, "तंबाखूबिगर थुंकी येती कुठून बाई? कोरड्या हिरीला पोहरा कशाला लावता?" बाईंनी ते अतिशय गांभीर्यानं ऐकून घेतलं.

पुढं व्हायचं ते झालं. आमच्या आईचं गाव धरणाखाली गेलेलं आहे, हे कुणीतरी त्यांना सांगितलं. आई, मी आणि माझी मुलगी, अशा तीन पिढ्या त्यांना एकाच मजल्याच्या अंतरावर आयत्या मिळाल्या. आणि वेळ अशी, की मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती. पैठणच्या खालच्या अंगाला नदीकाठी मुलाचं घर, शेती, मुलगा इंजिनिअर. मला एकच धाकधूक होती. आमची आई वर्षभर शहाणी. पण भाद्रपदात टीव्हीवर धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की ती गाठोडं बांधते, पायांत चपला घालून झोपते आणि मध्येच उठून गच्चीवर जाऊन बसते. नदी आमच्या घरापासून इतकी लांब, की तिकडं जायचं म्हटलं तर रिक्षावाला मान फिरवतो. पण आईला कोण समजावणार? एकदा गच्चीवर जाताना तिनं शेजारच्यांचं झोपलेलं पोर काखोटीला मारून नेलं होतं. हे व्याह्यांच्या कानावर गेलं, तर घराण्यात खोट आहे म्हणून सोयरीक मोडायला कितीसा वेळ?

अशात बाई खाली येऊन बसल्या आणि विचारू लागल्या: आजींचं माहेर कुठलं, मामाकडं कुणी दचकून उठतं का, कुणाच्या डोक्यावर परिणाम झाला होता का, मुलीचा स्वभाव कसा. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही चौकशी होती. मुलाकडच्यांनी पाठवलेली. आपल्याकडं चौकशी सरळ दारातून येत नाही, वेश बदलून येते. मी स्वतः भाच्याच्या वेळी विमा एजंट बनून मुलीकडच्यांच्या गल्लीत हिंडलोय आणि चुकून दोघांचा विमासुद्धा ठरवून आलोय. तेव्हा मी सावरून बसलो आणि सांगितलं की आई रात्री लाकडासारखी झोपते, पूर आला तरी कूस बदलत नाही, आणि भीती हा शब्द आमच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलेला नाही. ऐकता ऐकता बाईंचा चेहरा उजळत गेला. "काका, गाव बुडालं आणि एकही खूण नाही? मी इतकी वर्षं असंच घर शोधत होते." आणि त्या रोज येऊ लागल्या. मी जितकं खोटं रंगवावं तितक्या त्या हरखत. माझा संशय पक्का झाला, आणि बैठकीच्या दिवशी त्यांना मुद्दाम बोलावून मुलाच्या आईसमोर बसवायचं, मग कोण कुणाला ओळख देतं ते बघायचं, असा डाव मी टाकला.

कुणीच कुणाला ओळख दिली नाही. मुलाची आई, भरल्या अंगाची, मोठ्या कुंकवाची बाई, पोहे खाता खाता म्हणाली, "ह्या कोण म्हनायच्या? तुमच्यातल्याच का?"

"मी यांच्या घराण्याचा अभ्यास करते," बाई म्हणाल्या.

चमचे थांबले. "कसला अभ्यास?"

"भीती पिढ्यान्‌पिढ्या उतरते का, त्याचा."

मुलाच्या आईनं बशी खाली ठेवली. "मंग? उतरती का ह्यांच्यात?"

मी जिवाच्या आकांतानं बाईंना डोळा घातला. आता तरी नाही म्हणा, एवढंच माझं मागणं होतं. बाई क्षणभर विचारात पडल्या. "अजून सांगता येत नाही," म्हणाल्या.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आई आली. पायांत चपला होत्या, कारण सकाळीच बातमी लागली होती. "मी सांगते की," ती खाली बसत म्हणाली. "ह्याचं काय ऐकता? हा लबाड हाय. मला झोप नाय लागत. पानी येनार म्हनून लोक सांगून गेले, तर आमचे मामंजी म्हनले, येतंय कुठं पानी, उन्हाळ्यात आटून जाईल. बसून राह्यले. पानी पायरीला लागलं तवा मी ह्याला टोपल्यात घातलं अन् निघाले. कुनाची वाट नाय बघितली. तवापासून पान्याचं नाव काढलं की माझे पाय आपसूक उठतेत." आमची मुलगी इतका वेळ मान खाली घालून बसली होती. ती हळूच म्हणाली, "मलाही नाही लागत. पावसाळ्यात मी आजीच्या आधी जागी असते." मी भिंतीकडं बघू लागलो. हे मला माहीत नव्हतं. एकाच छपराखाली राहून नट-बोल्ट मोजणाऱ्या माणसाला हे माहीत नव्हतं.

मुलाची आई माझ्या आईच्या चपलांकडं बघत होती. मग म्हणाली, "आमचं घर काठाला हाय माय. दरवाजे उचलले की भोंगा होतो. अन् आमची मान्सं कट्ट्यावर बसून पानी बघत्यात. मागल्या खेपेला दारातली म्हस वाहून गेली, तर ह्या पोराचा बाप म्हनला, पोहती का बघू. मी येकलीच वरडत बसते." ती मुलीकडं वळली. "तू पळशील का ग?"

"पळेन," मुलगी म्हणाली. "पण सगळ्यांना घेऊन."

"मंग झालं. आमच्या घरात येक तरी पळनारी पायजे होती," म्हणून तिनं बशी पुन्हा उचलली. मुलगा आधीपासूनच होकाराची मान हलवत होता. बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काका, तुम्ही सांगितलेलं सगळं आता रद्द करावं लागेल." त्यांचा आवाज पडला होता. शोधत होत्या ते घर त्यांना सापडून पुन्हा हरवलं होतं.

लाळ द्यायच्या दिवशी आई चहाविना अर्धा तास बसली. नुसतं बसणं तिच्या स्वभावात नाही, म्हणून तिनंच चौकशी आरंभली. "तुझं गाव कोन्तं ग माय?" इतके दिवस मी पाळत ठेवली, पण हा साधा प्रश्न मला सुचला नव्हता. बाई म्हणाल्या, आजी-आजोबा फाळणीत सिंधमधून निघाले, आई निर्वासितांच्या छावणीत जन्मली. "मग तुमच्या घरच्या तीन पिढ्या घेतल्या का?" मी विचारलं. "मी हे शिकेपर्यंत दोन्ही वरच्या पिढ्या गेल्या होत्या, काका." आई म्हणाली, "मंग माझीच घे दोनदा. मला काय, चिक्कार हाय." शास्त्रात हे कुठंच बसत नसणार. बाईंनी दुसरी नळी काढली, आईसमोर धरली, आणि ती भरेपर्यंत खाली मान घालून बसून राहिल्या.

आता वरच्या फ्लॅटमध्ये दुसरे लोक आहेत, आणि बाई कुठल्याशा सरहद्दीवरच्या छावणीत. भोवती कोसच्या कोस वाळू आहे आणि पिण्याचं पाणी टँकरनं येतं, असं त्यांनीच कळवलं होतं. मुलगी नदीकाठच्या घरी नांदते आहे. भाद्रपदात बातमी लागली की आई आधी तिला फोन लावायला सांगते आणि मग म्हणते, "त्या पोरीला बी लाव. ती कुठं हाय ते इचार." मी फोन लावतो. पलीकडून वाऱ्याचा आवाज येतो आणि बाई म्हणतात, "आजींना सांगा, मी उंचावर आहे." मी आईला तसं सांगतो, आणि ती चपला काढून आडवी होते. सपाट वाळवंटात त्या कसल्या उंचावर असतात, हे मी विचारत नाही.