तिसरा रकाना

सरकारचं उत्तर आलं की तात्या ते बसून वाचत नसत. ज्या जागेबद्दल उत्तर असेल त्या जागेवर जाऊन, उभं राहून, मोठ्यानं वाचत. रस्त्याचं उत्तर रस्त्यावर, शाळेचं शाळेच्या पायरीवर, दवाखान्याचं दवाखान्याच्या दारात. विधानसभेचं अधिवेशन संपलं की छापील उत्तरांचा गठ्ठा घेऊन ते परत येत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला जीप निघे. मी त्यांची स्वीय सहायक होते. पाच वर्षांत कुठलं उत्तर कुठल्या गावात वाचलं याची यादी माझ्याकडे अजून आहे. यादी नाही अशी गोष्ट माझ्याकडे सहसा नसते.

तात्या, म्हणजे तुळशीराम वाघमारे, आमदार होण्याआधी तीस वर्षं अर्जनवीस होते. तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली टेबल, टेबलावर टाईपरायटर, आणि समोर सातबाऱ्यापासून निराधारांच्या पगारीपर्यंतचे अर्ज घेऊन बसलेली माणसं. नांदेड आणि लातूरच्या शिवेवरच्या आमच्या भागात दर दुसऱ्या घरात त्यांनी टाईप केलेला एक तरी कागद असेल. एका निवडणुकीत पक्षातले दोन मोठे गट एकमेकांना तिकीट मिळू देईनात, म्हणून ते तात्यांना मिळालं. पडतील या हिशेबानं दिलं होतं. ते निवडून आले. "लोकांना वाटलं, ह्यो आपला अर्ज बरोबर लिवतो," एवढंच ते त्यावर म्हणत.

मी तेव्हा लातूरला एका शिकवणीवर्गाच्या कार्यालयात होते. हजेरी, वेळापत्रकं, पालकांच्या तक्रारी असं सगळं माझ्याकडे. तात्यांना कुणीतरी माझं नाव सांगितलं. मुलाखत म्हणून त्यांनी माझ्यापुढं एक छापील पान सरकवलं. डावीकडे प्रश्न: अमुक गावचा पूल वाहून गेला, हे खरे आहे काय? असल्यास, दुरुस्तीबाबत काय कार्यवाही केली? उजवीकडे मंत्र्यांचं उत्तर: अंशतः खरे आहे. कार्यवाही प्रगतिपथावर आहे.

"काय कमी हाय यात?" त्यांनी विचारलं.

मी दोनदा वाचलं. "तारीख नाही."

"सोमवारपासून या," तात्या म्हणाले. "तारीख न्हाई ते उत्तर न्हवं, बाई. तो नुसता रामराम हाय."

त्यांची उत्तरवाचनाची रीत मी पहिल्यांदा पाहिली ती एका गुरांच्या दवाखान्यापुढं. डॉक्टरची जागा तीन वर्षं रिकामी होती. उत्तर आलं होतं, 'सदर पद भरण्यात आले आहे.' तात्यांनी कुलूप लावलेल्या दारापुढं ते वाचलं. समोर एक म्हातारी तिची देवणी जातीची गाय धरून उभी होती. काळे-पांढरे ठिपके, पुढचा पाय सुजलेला.

"म्हंजी डागदर आलाय?" म्हातारीनं विचारलं.

"कागदात आलाय, मावशी."

"मग गाय बी कागदातच धाडू का?"

लोक हसले. तात्या हसले नाहीत. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि म्हातारीचं वाक्य उत्तराच्या समासात जसंच्या तसं लिहून घेतलं. पुढच्या अधिवेशनात उपप्रश्न विचारायची संधी मिळाली तेव्हा ते वाक्य त्यांनी सभागृहात वाचून दाखवलं. चौकशीत कळलं की डॉक्टरची नेमणूक खरोखर झाली होती, पण त्याला तोंडी सांगून दुसरीकडेच ठेवलं होतं. महिन्यानं तो आला.

अर्जनवीसकीनं त्यांना एक शिस्त लावली होती. "अर्जात रडायचं नसतं," ते सांगत. "रडणं ज्याचं त्याच्याकडं ऱ्हाऊ द्या. कागदावर काय, कुठं, कधीपासून, एवढंच. रडलं की सायेब सहानुभूती देतो आन् सुटतो." त्यामुळं त्यांचे प्रश्न सुकटीसारखे कोरडे असत आणि म्हणूनच मंत्र्यांना जड जात. भाषण ठोकणारे आमदार पेपरात येत, आमचे तात्या क्वचितच. पण मंत्रालयातला एक कक्ष अधिकारी मला एकदा म्हणाला होता, "तुमच्या साहेबांचा प्रश्न आला की आम्हाला जिल्ह्याला दोनदा फोन लावावा लागतो."

आमचा पक्ष सत्तेत होता, हे इथं सांगितलं पाहिजे. तात्या आपल्याच सरकारला प्रश्न घालत होते. पक्षाचे जिल्हाध्यक्ष एकदा कार्यालयात येऊन चहा घेता घेता म्हणाले, "तात्या, सरकार आपलंच हाय की."

"म्हणून तर इचारतोय, साहेब. परक्याला कोण इचारतंय?"

सगळ्या कामांची एक मोठी वही होती. ती आखायची पद्धत तात्यांची, ठेवायचं काम माझं. तीन रकाने: विचारलं, कबूल केलं, दिसलं. पहिले दोन शाईनं. मंत्र्यांनी सभागृहात शब्द दिला की तो तारखेसकट दुसऱ्या रकान्यात जाई. तिसऱ्यात फक्त एक खूण, तीही पेन्सिलीनं, आणि आमच्यापैकी कुणीतरी ती गोष्ट जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय करायची नाही. पेन्सिल का, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. सगळी वही शाईची आणि एकच रकाना पेन्सिलीचा, हे माझ्या डोळ्याला खुपत होतं.

"सांगितलेलं बदलत न्हाई, बाई," ते म्हणाले. "दिसलेलं बदलतं."

आता माझी चूक.

तांबळवाडीला आरोग्य उपकेंद्राची इमारत बांधून दोन वर्षं कुलपात होती. नर्स नाही. बाळंतपणाला बाईला जीपनं तालुक्याला न्यायचं आणि वाटेत घाटाचा रस्ता. तात्यांनी प्रश्न विचारला, मंत्र्यांनी शब्द दिला, तो वहीत चढला. सभागृहात दिलेले असे शब्द पाळले जातात की नाही हे बघायला विधिमंडळाची एक आश्वासन समिती असते. काही महिन्यांनी खात्याचा अहवाल आला की उपकेंद्र सुरू झालं. सोबत रंगीत फोटो होता. दार उघडं, नवी पाटी, टेबलाशी पांढऱ्या कोटात नर्स. समितीनं तात्यांना विचारलं, आश्वासन पूर्ण झालं असं समजायचं का?

त्या आठवड्यात माझ्या यादीत एकोणीस कामं होती. तांबळवाडीला जाऊन यायला अर्धा दिवस गेला असता. मी फोटो नीट पाहिला. त्यात सगळं दिसत होतं. मी तिसऱ्या रकान्यात खूण केली, 'समाधानकारक' असं पत्र तयार केलं आणि सह्यांच्या गठ्ठ्यात ठेवलं. तात्यांनी वही उघडली, खूण पाहिली, सही केली. आश्वासन निकाली निघालं.

दिवाळीनंतरच्या बाजाराच्या दिवशी तांबळवाडीची आशा कार्यकर्ती सुनीता कार्यालयात आली. हातात पिशवी आणि पिशवीत तिची नोंदवही.

"तात्या, उपकेंद्राला कुलूप हाय."

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी वही उघडली. "सुरू झालंय ना? फोटो आलाय."

"फोटोपुरतं काढलं हुतं, बाई. नर्सबाई दुसऱ्या गावच्या. फोटो झाला, त्याच गाडीत बसून गेल्या." मग तिचा आवाज खाली आला. "परवा माझी जाऊ जीपमधीच बाळंत झाली. घाटात. ती वाचली. बाळ ऱ्हायलं न्हाई."

कार्यालयात बाजाराला आलेली पाच-सहा माणसं होती. सुनीतानं तिची वही काढली. संक्रांतीपासून शिमग्यापर्यंत दिवस भरणाऱ्या सहा जणींची नावं तिनं ओळीनं लिहिली होती. "ह्या सहा हायत अजून," ती म्हणाली. तिची यादी माझ्या यादीपेक्षा चांगली होती.

सगळे गेल्यावर मी तात्यांना सांगितलं की मी जाऊन पाहिलं नव्हतं, खूण माझी आहे. राजीनामा द्यायची तयारी होती, तेही सांगितलं.

त्यांनी वही स्वतःकडं ओढली. "खूण तुमची. दस्तखत माझं," ते म्हणाले. "मी तीस वर्षं लोकांना सांगितलं, वाचल्याबिगर अंगठा लावू नका. आन् मीच बघितल्याबिगर सही केली. तुम्ही राजीनामा देऊन काय करता? त्या सहा जणी काय तुमच्या राजीनाम्यावर बाळंत व्हणार हायत?"

अडचण अशी होती की निकाली निघालेलं आश्वासन पुन्हा उघडायचं कसं. नवा प्रश्न टाकून त्याचा नंबर लागेपर्यंत शिमगा आला असता. तात्यांनी ठरवलं की नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात औचित्याचा मुद्दा मांडायचा आणि स्वतःची चूक स्वतःच सांगायची. जिल्हाध्यक्षांचा फोन आला. आपल्या मंत्र्याला खोटं पाडाल, तर पुढच्या तिकिटाचं आमच्याकडं बोलू नका, असं त्यांनी सांगितलं.

"मी कवा बोललो?" तात्या म्हणाले. "मागच्या टायमाला तुम्हीच घरी आणून दिलतं."

मी प्रेक्षक गॅलरीत बसले होते. तात्या उठले. कागद घेतला नव्हता.

"अध्यक्ष महाराज, तांबळवाडीचं उपकेंद्र सुरू झालं असं मी समितीला लिहून दिलं. ते खोटं हाय. मी न बघता सही केली. ही माझी चूक कामकाजात नोंदवून घ्यावी."

विरोधी बाकांवरून कुणीतरी ओरडलं, "तात्या, इकडंच या बसायला." सगळे हसले. हशा संपेपर्यंत तात्या थांबले.

"मंत्रिमहोदयांनी ते उपकेंद्र स्वतः बघितलं असंल, तर चूक माझ्या एकट्याची. बघितलं नसंल, तर मग चुकीत आम्ही दोघं हाओत. त्यांनी फक्त एवढंच सांगावं."

मंत्री उठले आणि म्हणाले की चौकशी करू, नर्सची नेमणूक लवकरच होईल.

"लवकरच कुठल्या वारी येतं, महाराज?"

मंत्र्यांनी मागं बसलेल्या अधिकाऱ्यांकडं पाहिलं. चिठ्ठी आली. "दहा जानेवारी," ते म्हणाले आणि बसले. माझं नाव त्या सभागृहात निघालं नाही. बाहेर आल्यावरही नाही, पुढं कधीच नाही.

बारा जानेवारीला, कुणाला न कळवता, आम्ही तांबळवाडीला गेलो. दार उघडं होतं. फरशी नुकतीच पुसलेली. आत नर्स एका म्हाताऱ्याच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघत होती. तिनं मान वर न करता तात्यांना सांगितलं, "भाईर बसा. नंबरानं घेते." तात्या मुकाट्यानं बाहेर आले आणि बाकड्यावर शेवटी बसले. त्यांच्यापुढं चार जण होते. सुनीता लगबगीनं आली आणि ओळख करून द्यायला आत निघाली, तर तात्यांनी हातानंच थांबवलं.

"दिसलं का, मंगलबाई?" त्यांनी मला विचारलं.

"दिसलं."

"मग करा खूण."

जीपच्या बॉनेटवर वही ठेवून मी जुनी खूण खोडरबरानं पुसली आणि त्याच जागी नवी केली. सहापैकी पाच जणी तिथं सुखरूप बाळंत झाल्या. सहावी पहिलटकरीण होती, ती माहेरी किल्लारीकडं गेली. ही माहिती सुनीतानं मला शिमग्यानंतर स्वतः येऊन दिली. मी तीही लिहून ठेवली आहे.

तात्यांना पुढचं तिकीट मिळालं नाही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ते लिंबाखालच्या टेबलावर जाऊन बसले. माजी आमदार अर्ज टाईप करतो, हे काहींना विचित्र वाटलं. तात्यांना वाटलं नाही. "तिकडं बी ह्येच करत होतो," ते म्हणाले. "फक्त खुर्ची मऊ होती." मी तोवर एका पतसंस्थेत कामाला लागले होते, पण दर बाजाराला त्यांच्याकडं जात असे. वही त्यांनी मला देऊन टाकली होती.

यंदाच्या उन्हाळ्यात तात्या गेले. टेबलावरच मान टाकली. टाईपरायटरमध्ये अर्धा कागद तसाच होता. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला विहारापुढचा मांडव भरून बाहेर उन्हात माणसं उभी होती. आजी-माजी पुढारी बोलले. जिल्हाध्यक्षही बोलले आणि चांगलं बोलले. तात्यांसारखा प्रश्न विचारणारा माणूस पुन्हा होणे नाही, असं ते म्हणाले. तेव्हा माझ्या शेजारी सुनीता बसली होती. तिचे केस आता बरेच पिकलेत.

भोजनदानाच्या रांगेत तिनं माझा हात धरला. "बाई, आज सांगू का नको, कळंना. नर्सबाईची बदली झाली. एकवीस दिस झाले. कुलूप हाय."

"किती जणी आहेत?"

"चार. पहिली पोळ्याच्या आत."

वही माझ्या पिशवीत होती. तशी ती नेहमीच असते. मांडवाच्या खांबाशी बसून मी तांबळवाडीचं पान काढलं. पेन्सिलीची खूण इतक्या वर्षांत फिकी झाली होती, तरी होती. मी ती पुसली. मग पान उलटून पहिल्या रकान्यात शाईनं लिहिलं: तांबळवाडी उपकेंद्र, नर्स नाही, एकवीस दिवसांपासून. नवे आमदार पहिल्या रांगेत जेवायला बसले होते. त्यांचं जेवण होईपर्यंत मी थांबले. हात धुऊन ते वळले तेव्हा वही उघडी धरून त्यांच्यापुढं उभी राहिले आणि मोठ्यानं वाचलं.

"बघतो," ते म्हणाले.

मी पेनाचं टोपण काढलं. "कुठल्या तारखेला?"