पाचशे बारा जीबीचे कार्ड आणि टोपी-दुपट्टा

फोल्डरमध्ये लग्नाच्या सगळ्या फाइल दिसत होत्या. नाव, वेळ, साइज, सगळे बरोबर. लग्न लागण्याआधी मानाच्या पाहुण्यांना टोपी-दुपट्टा देतात, तिथपर्यंतच्या उघडत होत्या. मंगलाष्टकांपासून पुढची एकही नाही.

वाशीमला माझे डेटा रिकव्हरीचे काम आहे. अनसिंगचा फोटोग्राफर गजानन कार्ड घेऊन आला होता. नवरीचे वडील महादेवराव त्याच्यासोबतच होते. व्हिडिओ मिळाल्याशिवाय ते त्याला सोडणार नव्हते. ही बातमी पसरली तर गावात त्याला कोणी लग्नाला बोलावणार नव्हते.

आधी कार्डाची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल काढून ठेवली. मग कार्ड काठोकाठ भरून परत वाचणारा प्रोग्राम लावला. छापलेले ५१२ जीबी, खरी जागा ३२. नकली कार्डाची चिप कॅमेऱ्याला खोटी साइज सांगते. जागा संपली तरी कॅमेरा लिहीत राहतो. फाइलचे नाव राहते, आत काही नसते. जे लिहिलेच गेले नाही ते रिकव्हर होत नाही.

कार्ड ऑनलाइन घेतलेले होते. सेलरला चॅटवर रिपोर्ट पाठवला. फाइलची नावे दिसतात म्हणजे कार्ड चांगले आहे, असे उत्तर आले. फाइल रिकाम्या आहेत, असे मी लिहिले. त्यांनी रिकाम्या व्हिडिओचा स्पष्ट फोटो मागितला. गजाननने काळ्या स्क्रीनचा फोटो पाठवला. फोटो अंधारात काढला आहे, लाइट लावून पुन्हा काढा, असे उत्तर आले. गजाननने उठून लाइट लावला.

महादेवरावांनी खुर्ची पुढे ओढली. उरले आहे ते दाखवा म्हणाले. माइकवर नावे पुकारली जात होती, पाहुणे टोपी घालून, दुपट्टा घेऊन स्टेजवरून खाली उतरत होते. टोपी घातलेल्या एका मिशाळ पाहुण्यावर त्यांनी बोट ठेवले.

"थांबवा. हा नवरदेवाचा मामा. मले टोपीच नाही भेटली म्हणून सांगत फिरून राह्यला. त्याच्यापायी सासरचे पोरीले माहेरी धाडून नाही राह्यले."

"पण भाऊ, मंगलाष्टकं गेली ना," गजानन म्हणाला.

"ते साऱ्या गावानं आयकले. लग्न लागलंच नाही असं कोणी म्हणते काय? मले इतलंच दे पेन ड्राइव्हमंदी. अन् मामाचं तोंड मोठं कर."

व्हिडिओ नवरदेवाच्या घरी टीव्हीवर लावण्यात आला. मामाही होते. दुसऱ्या दिवशी मुलगी माहेरी आली. गजाननला महादेवरावांच्या धाकट्या मुलीच्या लग्नाचीही ऑर्डर मिळाली, टोपी-दुपट्ट्याला दोन कॅमेरे लावायचे या अटीवर.

सेलरने बदली कार्ड पाठवले. त्यावर एक टीबी छापलेले आहे. तपासले, ३२ जीबीच निघाले.

नवे कार्ड आधी काठोकाठ भरून परत वाचावे, मगच कामाला घ्यावे. नाहीतर कार्यक्रमात जे आधी घडते, तेवढेच उरते.