आप्पांचा सोमवारचा सोपा

आप्पा अर्ज वाचत नसत. पाच वेळा निवडून आलेले आमदार, पण हातात दिलेला कागद न उघडता मांडीखाली सारायचे आणि म्हणायचे, "ह्यो दुसऱ्यानं लिवलाय. तुझं काय ते तू सांग." मग डोळे मिटून घ्यायचे.

निपाणीपासून जरा आत त्यांचं गाव, तेच माझं सासर. दर सोमवारी सकाळी ते घराच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, घोंगडं टाकून बसायचे. थंडीत बाहेर धुकं असायचं, गावभर तंबाखूचा वास असायचा, आणि त्या धुक्यातून एकेक माणूस येऊन पायरीवर टेकायचा. मी विड्या वळते. पान, तंबाखू, दोरा; हात आपोआप चालतात आणि मन कुठंही हिंडून येतं. हल्ली ते सारखं त्या सोप्यात जातं. आप्पांना एक गोष्ट सांगायची होती आणि वर्षानुवर्षं मला ती सांगता येत नव्हती.

डोळे मिटलेले आप्पा बघून नवखा माणूस घाबरायचा. एकदा एक म्हातारा आपल्या म्हशीचं गाऱ्हाणं तासभर सांगत होता. सरकारी गाडीनं तिला धडक दिली होती. सांगता सांगता तो थांबला आणि शेजारच्याला म्हणाला, "झोपला की रं ह्यो."

आप्पा डोळे न उघडता म्हणाले, "शिंग मोडलं म्हणालास. डावं का उजवं, ते सांगितलं न्हाईस."

सगळा सोपा हसला. म्हातारा मात्र खूश झाला. त्याचं एवढं कुणी ऐकून घेतलं नव्हतं. कानडी माणूस आला तर आप्पा कानडीतून विचारायचे, मराठी आला तर मराठीतून. ऐकताना चेहरा तोच असायचा.

बेंगळुरात विधानसभेत ते फार बोलायचे नाहीत म्हणे. विरोधातले लोक त्यावरून टोमणे मारायचे. आप्पा म्हणायचे, "तितं बोलणारी लई हाईत. ऐकणारा एक तरी नको?"

घरचे मालक वारल्यानंतर चार वर्षांनी मी त्या पायरीवर गेले ती दिरामागून. भावजींनी घरजागेचा अर्ज माझ्या नावानं लिहून घेतला होता. कानडीत होता, माझी चौथी मराठीतली. "तू नुसती उभी ऱ्हा, मी बोलतो," ते वाटेत म्हणाले. मला तेच बरं वाटलं. परक्या माणसासमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते.

"आप्पा, हिला बोलाय येत न्हाय," भावजींनी सुरुवात केली.

"येतंय का न्हाय ते बघू. तू भाईर बस, चा पी."

भावजी बाहेर गेले. आप्पांनी कागद मांडीखाली सारला, डोळे मिटले. मी पदर तोंडाशी धरून बसले. मागं माणसं खाकरायला लागली. घरामागच्या परड्यात कोंबडी ओरडत होती, तिचंच ऐकत राहिले. किती वेळ गेला कोण जाणे.

"आज पान कसं आलंय गं?" आप्पांनी विचारलं.

विडीच्या पानाचं विचारल्यावर उत्तर आपोआप आलं. "लई वाळकं. भिजवलं तरी चिरतंय."

"मग?"

"मग काय, पोरगी निवडून देती."

"शाळेला जात न्हाय व्हय?"

"धावी झाली की. शाळेत पैली आली. बेळगावला जाऊन शिकतो म्हणती. भावजींनी मच्छे गावचं स्थळ बघितलंय." आणि मग जे मी मनातल्या मनातसुद्धा धड म्हटलं नव्हतं ते तोंडून गेलं. "मला तिचं लगीन करायचं न्हाय एवढ्यात."

आप्पांनी डोळे उघडले. भावजींना आत बोलावून कागद त्यांच्या हातात परत दिला. "हिच्या पोरीला बेळगावच्या हॉस्टेलात जागा पायजे. दुसरा अर्ज लिवून आण."

"तिला काय कळतंय आप्पा?"

"तुला कळलं असतं तर तू ह्येच लिवलं असतंस."

माझी अश्विनी त्याच पावसाळ्यात पत्र्याची पेटी घेऊन बेळगावच्या बसमध्ये चढली. पुढं नर्स झाली. हे आप्पांना जाऊन सांगायचं होतं. किती सोमवारी मी त्यांच्या दारापर्यंत गेले. पायरीवर कुणाचं पेन्शन अडलेलं, कुणाचं पोरगं दवाखान्यात. काहीच मागायचं नसताना आमदाराचा वेळ कसा घ्यायचा? मी तशीच परत यायचे.

आप्पांच्या हातून सगळंच झालं असं नाही. आमच्या गल्लीचा रस्ता अजून कच्चाच आहे. पण मत मागायला आले तेव्हा आपणहून म्हणाले, "तुमचा रस्ता माझ्याकडनं झाला न्हाय." बायका त्यांच्यावर चिडल्याही, आणि मतही दिलं.

मग हळूहळू ते डोळे उघडे ठेवून ऐकू लागले. सांगणाऱ्याच्या ओठांकडं बघायचे. एकच गोष्ट दोनदा, तीनदा विचारायचे. कानाला मशीन लावली, आठवड्यात काढली. "ह्यात समद्यांचा आवाज सारखाच येतोय," म्हणाले, "म्हातारीचा काय आन पुढाऱ्याचा काय." पुढच्या निवडणुकीला उभं राहणार नाही, असं त्यांनी सोप्यातच सांगून टाकलं. लोकांनी लई आग्रह केला. "ज्याला ऐकू येत न्हाय त्यानं माणसं बसवून ठेवू नयेत," एवढंच ते म्हणाले.

शाळेच्या पटांगणात मांडव घालून त्यांचा सत्कार झाला. फेटा, शाल, मराठीत भाषणं, कानडीत भाषणं. आप्पा सगळ्यांकडं बघून हसत होते. त्यांना एक अक्षर ऐकू येत नव्हतं, हे मला लांबून कळत होतं. दुपारचं ऊन मांडवाच्या कापडातून पिवळं होऊन खाली येत होतं आणि सगळी माणसं पाण्याखाली असल्यासारखी दिसत होती.

माझ्याशेजारी तानाआक्का होती. आम्ही एकाच कट्ट्यावर विड्या वळतो. भाषणं संपली, माणसं उठायला लागली, तशी तिनं मला कोपरानं ढोसलं. "जा की गं. किती वर्सं झाली, सांगायचंय सांगायचंय म्हणतीस. आता सोमवारबी न्हाईत."

मी कशी चालत गेले मला आठवत नाही. व्यासपीठाची पायरी चढले, त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "पोरगी नर्स झाली, आप्पा."

त्यांनी कानाला हात लावला. मी पुन्हा म्हणाले. त्यांनी मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून. आजूबाजूला हार उचलणारे, खुर्च्या ओढणारे. मी डोळे मिटले आणि शेतातून हाक मारावी तशी ओरडले, "माझी अश्विनी नर्स झाली! बेळगावच्या दवाखान्यात हाय! लगीन तिनं तिच्या मनानं केलं!"

खुर्च्या ओढणारी माणसं वळून बघायला लागली. तो आवाज माझाच होता हे मला जरा वेळानं कळलं. डोळे उघडले तर आप्पा माझ्याकडं बघत होते, ओठांकडं नव्हे.

"नर्स," ते म्हणाले. "मच्छ्याचं स्थळ गेलं म्हण की."

मग त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची शाल आणि नारळ उचलून खाली ठेवला आणि खुर्चीवर हातानं थोपटलं. "बस जरा. दमली असशील."

मी बसले. मांडवातली माणसं बघत होती, बघू दिलं. समोर पोरं पताका ओढून काढत होती, त्या एकेक करून खाली येत होत्या. आप्पांची गाडी येईपर्यंत मी तिथंच बसून होते.